देव्हाऱ्यातल्या आठ ताटल्या

स्वच्छता म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये! अठरा वर्षं मी जंतू मोजते आहे. खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात माझी नोकरी. बाटलीत भरायच्या आधी पाणी माझ्याकडे येतं, भरल्यावर औषध माझ्याकडे येतं, आणि भरणाऱ्यांचे हातही अधूनमधून माझ्याकडे येतात. कोणाच्या नखाखाली काय राहतं, हे त्याच्या बायकोपेक्षा मी जास्त खात्रीनं सांगू शकते. हात धुताना मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते. एकोणीसवर नळ बंद केल्याचं मला आठवत नाही.

अशा बाईला तिच्याच घरात, तिच्याच स्वयंपाकघराच्या दारात, रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जायचा.

"आंघोळ?"

विचारणाऱ्या माझ्या सासूबाई. वय शहात्तर, अंगकाठी उदबत्तीसारखी, आवाज मात्र घंटेचा. सकाळी उठल्यावर पहिली आंघोळ, मग देवपूजा, मग स्वयंपाक. दुपारच्या नैवेद्याआधी दुसरी आंघोळ. पूजेची साडी वेगळी, ती वाळत घालायची दोरी वेगळी, आणि दोरीवरून ती काढायची काठीसुद्धा वेगळी. ती साडी नेसल्या की त्यांना कोणी शिवायचं नाही. पारोशानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आणि दुसऱ्याच्या हातचं खायचं असेल तर आधी चौकशी व्हायची: कोणी केलं, आंघोळ करून केलं का, चव घेऊन तोच चमचा पुन्हा भांड्यात घातला का! चौकशी पुरी झाल्याशिवाय घास नाही.

"रोज करायचं म्हणून त्याला आचार म्हणतात," त्या म्हणायच्या. "पाहुणे यायच्या आधी करायची ती साफसफाई."

हा टोला कोणाला, ते सांगायला नको.

तरी मी सहन करत होते. पण एकदा माझ्या हाताखालच्या दोघी मुली घरी चहाला आल्या. या मुलींना मी प्रयोगशाळेत तीन-तीनदा हात धुवायला लावते. त्यांच्यासमोर मी चहा टाकायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचते न पोचते तोच घंटा वाजली.

"थांब! आंघोळ?"

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "माझे हात निर्जंतुक आहेत."

"ते तू जंतूंना सांग," सासूबाई म्हणाल्या. "मला आंघोळ सांग."

दोघी मुलींनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर आतून अगदी हळू आवाज आला, "मॅडम, आंघोळ?"

झालं! माझ्या अठरा वर्षांच्या अब्रूचा प्रश्न होता. मी भांडणार नव्हते. मी भांडत नाही, मी मोजते. सासूबाईंच्या सोवळ्यावर किती जंतू आणि माझ्या स्वच्छतेवर किती, याचा एकदाच कागदावर निकाल लावायचा, असं मी ठरवलं.

बेत साधा होता. आमच्याकडे जंतू वाढवायला काचेच्या चपट्या बशा असतात, झाकणासकट. त्यांत जंतूंचं खाद्य घालून थिजवतात. दिसायला ते मधाच्या रंगाचं, काचेसारखं स्वच्छ. त्यावर कापसाचा बोळा फिरवायचा, बशी दोन दिवस उबेत ठेवायची. जिथे जंतू पडला असेल तिथे ठिपका उमटतो. ठिपके मोजायचे. यात वादाला जागाच नाही! मुदत संपल्यामुळे टाकून द्यायच्या अशा आठ बशा मी घरी आणल्या. त्यांना एक ते आठ आकडे घातले. कोणता आकडा कोणाचा, ते फक्त माझ्या वहीत, म्हणजे मोजताना माझं मन पक्षपात करणार नाही. बघा, किती प्रामाणिकपणे मी हा अप्रामाणिकपणा करत होते!

चार बशा माझ्या: धुतलेली पाच बोटं, ऑफिसचा नॅपकिन, पर्सचा बंद, मोबाईल. चार सासूबाईंच्या: पिण्याच्या पाण्याचं भांडं, डाव, ओटा, आणि दोरीवर वाळणारी पूजेची साडी. साडीच्या वेळी जरा मन कचरलं. मी पारोशी होते. पण काडीला लावलेला कापूस निर्जंतुक होता. मी नाही शिवले, कापूस शिवला, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाची समजूत फार लवकर पटते.

आता ऊब हवी होती. कारखान्यातल्या उबदार कपाटात घरचं भांडण ठेवता येत नाही, तिथे प्रत्येक बशीची नोंद होते. म्हणून थर्मामीटर घेऊन मी घर पालथं घातलं. फ्रिजच्या मागे एकतीस अंश. गच्चीच्या जिन्यात चाळीसच्या वर. आणि देव्हाऱ्यात देवांच्या वरच्या कप्प्यात बरोबर पस्तीस! खाली दिवा अखंड तेवत असतो, ऊब वर साठते, ना कमी ना जास्त. अठरा वर्षांत इतकं नेमकं तापमान मी पाहिलं नव्हतं. सासूबाईंचा हात तिथवर पोचत नाही, आणि कप्प्यात जुन्या वातींखेरीज काही नसतं. सोमवारी संध्याकाळी त्या फिरायला गेल्या असताना मी माझे जंतू सरळ देवाच्या डोक्यावर नेऊन बसवले.

बुधवारी दुपारी कारखान्यात माझा मोबाईल वाजला. सासूबाई! त्या मला कामावर कधी फोन करत नाहीत.

"अगं," त्या घाईनं म्हणाल्या, "मी बघितलं."

मी पेन्सिल खाली ठेवली. "काय बघितलं, आई?"

"वरच्या कप्प्यातलं. रोज स्टुलावर चढून पुसते ना मी तिथे."

रोज! मी तो कप्पा वर्षातून एकदा पुसला जातो असं धरून चालले होते. कारण तो पुसायची पाळी माझी असती, तर तो वर्षातून एकदाच पुसला गेला असता.

"कालच बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा काही बोलले नाही. असं सांगून करायचं नसतं, हे तुलाही कळलेलं दिसलं. आठ ताटल्या, आठ आकडे. आठांचा संकल्प ना गं? आणि काय ते सुबक गोड केलंयस! अगदी आरशासारखं."

"आई, ते गोड नाहीये, ते..."

"थांब, पुढचं ऐक. काल ते नुसतं सपाट होतं. आज बघते तर..." त्या कुजबुजल्या. "आज त्यावर मोती उमटलेत."

"मोती?"

"पांढरे, पिवळे, एक तर केशरी आहे! झाकण मी उघडलं नाही, तुझं सोवळं तुझं. पण बंद झाकणात आपोआप मोती उमटले, म्हणजे देवानं घेतलं गं तुझं. इतकी वर्षं मी करते, माझ्या हातून असं कधी झालं नाही."

मोती म्हणजे माझे जंतू! दोन दिवस पोटभर जेवून बाळसं धरलेले!

"शेजारच्या बाईंना बोलावलंय," सासूबाई सांगत होत्या, "लेकीला कळवलंय, तुझ्या नवऱ्यालाही ऑफिसातून ये म्हटलंय. देवाला दाखवते, मग सगळे वाटून घेऊ."

"आई! त्याला हात लावू नका! खाऊ नका कोणी! मी..."

"नाही गं, तशीच कशी लावीन? आधी आंघोळ करते. आता मी फोनला शिवणार नाही हं. ठेवते."

आणि त्यांनी फोन ठेवला. सोवळ्यात असताना त्या मोबाईलला शिवत नाहीत, कारण मोबाईल जगभरची माणसं हाताळतात, असं त्यांचं म्हणणं. सूक्ष्मजीवशास्त्राचं म्हणणंही तेच आहे. पण हे पटायची ही वेळ नव्हती! मी सात वेळा फोन लावला. सातही वेळा तो वाजत राहिला.

मी नवऱ्याला संदेश पाठवला. तो नकाशे काढण्याच्या कचेरीत आहे. "ताबडतोब घरी जा. त्या बशांतलं कोणी काही खाता कामा नये. फार महत्त्वाचं आहे."

उत्तर आलं: "निघालोच. आई म्हणाली, तू आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. माझ्या साखरेसाठी संकल्प केलास ना? मी तुला ओळखलंच नाही गं." आणि पुढे जोडलेले हात. सहा वेळा.

त्याची रक्तातली साखर तीन महिने उतरत नव्हती. मी पुन्हा लिहिलं, "अरे, ते जंतू आहेत!" पण तोवर तो गाडी चालवत असावा. संदेश पोचल्याची खूणही येईना.

मी साहेबांच्या खोलीत धावले. "साहेब, मला आत्ता घरी जायचंय. सासूबाई..."

"अरेरे! तब्येत बिघडली?"

"तब्येत उत्तम आहे, साहेब. म्हणूनच घाई आहे. अजून खाल्लेलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि हातानंच जा म्हणून खूण केली. पर्स उचलायला मी प्रयोगशाळेत आले. तिथे माझ्या हाताखालची मुलगी तराजूपाशी उभी राहून जंतूंच्या खाद्याची नवी भुकटी तोलत होती.

"मॅडम, मीट एक्स्ट्रॅक्ट तीनच ग्रॅम ना?"

"तीनच," मी सवयीनं म्हटलं आणि दारापर्यंत गेले.

तिथून मी मागे वळून तिच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

मीट! मांसाचा अर्क! अठरा वर्षं मी तो डबा उघडते आहे. त्यावर काय लिहिलंय ते माझ्या डोळ्यांना रोज दिसायचं, डोक्याला कधी दिसलंच नव्हतं. माझ्या लेखी ती एक तपकिरी भुकटी होती, ओल लागली की गोळे होणारी. आणि ती मी, ज्या घरात कांदा चिरलेली सुरीसुद्धा वेगळी ठेवतात त्या घरात, देवाच्या डोक्यावर नेऊन ठेवली होती. दोन दिवस. अखंड दिव्याच्या उबेत!

टॅक्सीत मी डोळे मिटून बसले. प्रत्येक सिग्नल मला बघून लाल होत होता. माझ्या तोंडाचा रंगही बहुधा तोच असावा. सासूबाई कोणाच्या हातचं चौकशी केल्याशिवाय खात नाहीत, या एकाच गोष्टीवर माझी सगळी भिस्त होती. ज्या चौकशीला मी वीस वर्षं नाकं मुरडली, ती आज त्यांनी अगदी कसून करावी म्हणून मी मनातल्या मनात विनवत होते.

दार उघडंच होतं. आत गेले तर सगळी मंडळी पाय धुऊन, सतरंजीवर ओळीनं बसलेली. शेजारच्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. माझी धाकटी नणंद. नवरा, कपाळावर ओले केस. मला बघताच सगळे उभे राहिले. उभे! मला कोणी आयुष्यात उभं राहून मान दिलेला नाही, आमच्या प्रयोगशाळेतही नाही.

"वहिनी, छुपी रुस्तम निघालीस हं!" नणंद म्हणाली. "आम्हाला वाटायचं तू काही मानत नाहीस."

"काय सुबक जमलंय हो!" शिक्षिकाबाई म्हणाल्या. "माझं मेलं कधी असं घट्ट होतच नाही. कृती लिहून द्या मला."

"यात साखर कितपत आहे?" नवऱ्यानं हळूच विचारलं. "म्हणजे मला चालेल ना?"

देवासमोर पाटावर आठही बशा आकड्यांच्या क्रमानं मांडल्या होत्या. प्रत्येकीसमोर एक फूल. काय करणार, डोळ्यांना सवय! लाजेनं जमीन फाटावी असं वाटत असतानाही ते मोजून मोकळे झाले, आणि वहीतले आकडे मला पाठच होते. आठ नंबर, पूजेची साडी: एकही ठिपका नाही. पाण्याचं भांडं: दोन. पाच नंबर, माझी वीसपर्यंत मोजून धुतलेली बोटं: त्रेचाळीस. दोन नंबर, माझा नॅपकिन: मोजता न येण्याजोगे, नुसता गालिचा! मघाचा केशरी मोतीसुद्धा माझ्याच पर्सच्या बंदाचा होता.

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. नुकत्याच न्हालेल्या, तीच साडी नेसलेल्या. आणि त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्या नजरेनं त्यांनी मला लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मला पळवाट दिसत होती, हे कबूल करते. चांगली रुंद, सरळ पळवाट. मी ती धरली.

"आई, ते बिघडलंय हो. फेकून देऊ. मी पुन्हा करीन."

"देवासाठी केलेलं बिघडत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"खरंच बिघडलंय. वास येतोय बघा."

"मघापासून मला वाटतच होतं," शिक्षिकाबाई पुटपुटल्या, "ही उदबत्ती जरा वेगळी आहे."

"नाही, म्हणजे... माझी आंघोळ नव्हती झाली ते करताना!" मी हुकमाचं पान टाकलं. यापुढे सासूबाई त्या बशांकडे बघणारही नाहीत, याची मला खात्री होती.

सासूबाई पाटासमोर खाली बसल्या.

"पन्नास वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मी कोणाच्या हातचं चौकशी केल्याशिवाय खाल्लं नाही. पोटच्या लेकीच्या हातचंही नाही. पण तू काही न सांगता देवासाठी केलंस. आज मी काही विचारणार नाही. पहिला घास माझा." आणि त्यांनी पाच नंबरचं झाकण उचललं.

त्यांची बोटं बशीत पोचायला दोन इंच उरले होते.

"आई, त्यात मांस आहे!"

मी इतक्या जोरात ओरडले की पाटावरचं एक फूल खाली पडलं. नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. शिक्षिकाबाईंनी दोन्ही हात असे वर उचलले, जणू कोणी त्यांच्यावर बंदूक रोखली होती.

सासूबाईंनी झाकण हळूच परत ठेवलं.

"कोणी ठेवलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"मांस मुद्दाम नाही, आई. ते माझ्या लक्षातच आलं नाही. जंतू मुद्दाम."

"कसले जंतू?"

"ते मोती... ते जंतू आहेत. तुमच्या सोवळ्यावर किती निघतात, ते मला मोजायचं होतं. म्हणजे तुमचं तोंड बंद करता आलं असतं."

हे वाक्य मनात म्हणताना कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते माझं मलाच ऐकवेना.

"म्हणजे माझ्या साखरेसाठी नाही?" नवऱ्यानं विचारलं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता बॅग भरतील आणि लेकीकडे जातील. त्या फक्त म्हणाल्या, "अंगाला पाणी पुरतं. आतलं निघायला खरं सांगावं लागतं. अजून काही असेल तर आत्ताच सांग. म्हणजे मला पाणी एकदाच तापवता येईल."

मी सांगायला लागले. "परवा तुमच्या या साडीला मी कापूस लावला. पारोशानं."

त्यांनी नेसलेल्या साडीकडे बघितलं. "अजून?"

"पाण्याच्या भांड्यालाही. ओट्याला. डावाला."

"अजून?"

"उन्हाळ्यात तुम्ही पंधरा दिवस लेकीकडे होतात ना... तेव्हा आम्ही दोघंही रोज पारोसेच स्वयंपाकघरात जात होतो."

"अगं, मला कशाला ओढतेस!" नवरा ओरडला. पण सासूबाईंची नजर त्याच्याकडे वळली होती, आणि त्या नजरेपुढे तो सहा वर्षांचा झाला. "आई, मी... म्हणजे सकाळी उठल्या उठल्या... साखरेच्या डब्यात फक्त एक बोट बुडवतो."

"रोज?" मी किंचाळले. "तरीच उतरत नाहीये!"

"आई, माझंही एक आहे," नणंद रडवेली होऊन म्हणाली. "मी सोवळ्यात केलेलं म्हणून जे लाडू पाठवते ना तुला, ते विकतचे असतात."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "मी ते या बाईंना देते."

शिक्षिकाबाईंचा चेहरा पडला. "अहो, आणि मी ते तुमच्या लेकीच्या मुलांसाठी परत तिच्याच पिशवीत घालते! मला वाटायचं, आजीच्या हातचं मुलांना मिळावं."

"म्हणजे मी तेच लाडू...!" नणंद मटकन खाली बसली.

सासूबाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि बंब पेटवायला गेल्या.

अर्ध्या तासानं आमच्या न्हाणीघरासमोर रांग लागली होती. शिक्षिकाबाई पहिल्या, कारण त्या परक्या. मग नणंद, मग नवरा. मी शेवटी. माझ्या वाट्याला पाणी आलं ते गारच होतं, आणि त्याबद्दल तक्रार करण्याची माझी हिंमत नव्हती. मध्येच मला आणखी एक गोष्ट सांगणं भाग पडलं. जंतू वाढलेल्या बशा अशाच केरात टाकता येत नाहीत. आधी दाबाच्या वाफेत वीस मिनिटं शिजवाव्या लागतात.

"कशात?" सासूबाईंनी विचारलं.

माझी नजर आपोआप ओट्यावरच्या कुकरकडे गेली.

"तिकडे बघूसुद्धा नकोस," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं मुकाट्यानं बशा जुन्या पिशवीत भरल्या आणि कारखान्यात नेऊन दिल्या. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं "घरचा प्रसाद आहे, शिजवून टाका" असं सांगितलं म्हणे. त्याचं उत्तर मला अजून द्यायचंय.

सासूबाईंनी मग देव्हारा धुतला. एकेक मूर्ती उचलून, पुसून, कोरडी करून जागेवर ठेवली. मी पुढे होऊन "मी करते" म्हटलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. रागानं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, न्हाऊन, ओल्या केसांनी, शिक्षा झालेल्या पोरीसारखी उभी राहिले. या उंबऱ्याशी मी इतकी वर्षं भांडले होते, आणि आज आत जा म्हणून कोणी सांगितलं असतं तरी माझं पाऊल उचललं नसतं.

चार वाजता त्या आपणहून बोलल्या.

"मांसाचा मला राग नाही. ते तू जाणून केलं नाहीस. देवाला कळतं तेवढं."

"मग?"

"तो कापूस. चोरून लावलास तो." त्या वाती वळत होत्या, हात थांबला नाही. "मला विचारलं असतंस तर मी स्वतः साडी पुढे केली असती. मलाही बघायचं होतं की."

वीस वर्षांत एकदाही मला वाटलं नव्हतं की त्यांनाही बघायचं असेल.

त्यांनी आणखी चार वाती वळल्या. मग त्यांनी, जणू सहजच, विचारलं, "साडीवर किती निघाले म्हणालीस?"

"एकही नाही."

"एकही?"

"एकही नाही, आई. ऊन आणि उकळतं पाणी. आम्ही तेच करतो, फक्त यंत्रानं."

"आणि तुझ्या हातावर?"

मी जमिनीकडे बघितलं. "त्रेचाळीस."

त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण मी मान वर केलीच नाही.

"उद्या सकाळी न्हाऊन काहीतरी गोड कर," पदराआडून आवाज आला. "खरोखरचं."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच न्हाले. दूध मोजून घेतलं, साखर तोलून घातली, तापमान लिहून ठेवलं. इतकी शिस्त पाळूनही दूध तळाशी करपलं आणि वर त्याच्या गुठळ्या झाल्या. टाकून पुन्हा करावं असं वाटलं. पण टाकलं असतं तर तेही लपवावं लागलं असतं. तसंच वाटीत वाढून मी सासूबाईंसमोर ठेवलं.

त्यांनी वाटीला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं.

"आंघोळ?"

"केली."

"चव घेतलीस?"

"घेतली. चमचा धुऊन मग पुन्हा घातला."

"दुधाशिवाय यात काय आहे?"

"साखर. आणि करपलेलं दूध."

"आणखी काही सांगायचं आहे?"

मी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, मागची वीस वर्षं चाळून विचार केला. "नाही, आई."

मग त्यांनी चमचा उचलला आणि खाल्लं. एक घास, दुसरा घास. सगळी वाटी संपेपर्यंत मी घास मोजत राहिले. शेवटी वाटी खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण कालचं दिसायला बरं होतं."